बूटेबल पेनड्राइव्ह आणि बूट डिस्क

हार्ड डिस्कची मदत न घेता संगणक सुरू करू शकणाऱ्या पेनड्राइव्हला बूटेबल पेनड्राइव्ह म्हणतात. नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालायला, बिघडलेली दुरुस्त करायला किंवा बंद पडलेल्या यंत्रातल्या फाइली बाहेर काढायला तो लागतो. पूर्वी हे काम फ्लॉपी करायची, मग सीडी-डीव्हीडी करू लागली. बोलण्यात या सगळ्याला ‘विंडोज मारणे’ किंवा ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. फॉरमॅट हा त्यातला एक छोटा टप्पा, पण गिऱ्हाईक दुकानात येऊन मागते ते तेवढेच.

कोकणात हे साधन आधीच करून ठेवावे लागते. विंडोज ११ची आयएसओ फाइल, म्हणजे आख्ख्या इन्स्टॉल डिस्कची एका फाइलीतली प्रत, ५ जीबीहून मोठी असते. ६ जीबीची फाइल १० एमबीपीएसच्या जोडणीवर ८० मिनिटांत उतरते. डोंगराआडच्या वाडीत मोबाइलवर २ एमबीपीएस मिळत असतील, तर तिलाच सहा तास चाळीस मिनिटे लागतात, आणि आषाढात तेवढा वेळ वीज आणि रेंज एकदम टिकतील याचा भरवसा नाही. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला ताजी आयएसओ पेनड्राइव्हमध्ये भरून आणायला सांगणे हा त्यावरचा सोपा उपाय.

संगणक नेमके काय शोधतो

आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती ओढून टाकली तर तो बूट होत नाही. यंत्र चालू झाले की मदरबोर्डवरचा फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच भरलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम, ठरलेल्या जागी ठरलेली वस्तू शोधतो. ती तिथे नसली की पुढच्या डिस्ककडे वळतो. जुन्या पद्धतीचा फर्मवेअर म्हणजे बायोस; तो डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर, म्हणजे तुकडा, वाचतो आणि त्याच्या शेवटच्या दोन बाइटमध्ये ५५ आणि एए ही खूण आहे का ते पाहतो. एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड) तो हाच. यातल्या पार्टिशनच्या (डिस्कच्या भागांच्या) नोंदींत सेक्टरचे आकडे ३२ बिटांचे असल्यामुळे नेहमीच्या सेक्टरांच्या डिस्कवर २ टीबीपलीकडची जागा त्याला मोजता येत नाही.

नवा यूईएफआय फर्मवेअर सेक्टर न पाहता फाइल पाहतो. फॅट३२ या जुन्या मांडणीच्या पार्टिशनवर ईएफआय नावाचे फोल्डर, त्यात बूट, त्यात बूटएक्स६४.ईएफआय ही फाइल असली की तो ती चालवतो. म्हणूनच निव्वळ यूईएफआयसाठी फॅट३२ पेनड्राइव्हवर आयएसओच्या आतल्या फाइली कॉपी केल्या तरी काम होते. अडते ते एका ठिकाणी: फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि विंडोजच्या फाइली एकत्र बांधलेली इन्स्टॉल.विम अनेकदा त्याहून मोठी असते. मग ती विंडोजच्या डिसम आज्ञेने तोडून एसडब्ल्यूएम तुकड्यांत ठेवावी लागते किंवा तयार साधन वापरावे लागते.

सीडीचे तंत्र वेगळे. १९९५ साली फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी मांडलेल्या ‘एल तोरितो’ या पद्धतीनुसार सीडीच्या सतराव्या सेक्टरात बूटची नोंद असते; मोजणी शून्यापासून आणि सेक्टर २०४८ बाइटचा. सीडीची आयएसओ पेनड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवली तर बायोसला पहिल्या सेक्टरात काही सापडत नाही, त्याचे कारण हेच. लिनक्सच्या बहुतेक आयएसओ आता ‘हायब्रिड’ असतात, म्हणजे दोन्ही प्रकारच्या खुणा त्यांत आधीच घातलेल्या असतात. विंडोजच्या नसतात.

तयार करताना

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्यावा. १६ किंवा ३२ जीबीचा असला तर बरे. आठवडी बाजारात स्वस्तात मिळणारे मोठ्या आकड्यांचे पेनड्राइव्ह पुष्कळदा खोटे असतात: आत ८ जीबीची चिप आणि विंडोजला दाखवायला ६४. पहिले काही जीबी नीट लिहिले जातात आणि पुढचे नुसतेच लिहिल्यासारखे दिसते. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफथ्री ही साधने पूर्ण जागा भरून परत वाचून पाहतात, त्यात खोटेपणा लगेच पकडला जातो.

आयएसओ मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी. ‘ॲक्टिव्हेट केलेले’ विंडोज म्हणून हातोहात फिरणाऱ्या फाइलीत आणखी काय काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. विंडोज ८ पासूनच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये परवान्याची चावी फर्मवेअरमध्येच असते, त्यामुळे त्याच आवृत्तीचे विंडोज टाकले की ते आपोआप ॲक्टिव्हेट होते. तरीही माणसे चोरीचे का टाकतात हे कोडेच आहे.

फाइल उतरली की तिचा एसएचए-२५६ ठसा काढून संकेतस्थळावरच्या ६४ अक्षरांशी जुळवावा. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा त्यासाठी असतेच. रेंज जाऊन-येऊन उतरवलेल्या फाइलीच्या बाबतीत ही पायरी कधीही टाळू नये. अर्धवट फाइलीचा पेनड्राइव्ह बूट होतो, इन्स्टॉल सुरूही होते आणि मधेच ०x८००७०५७० ही चूक देऊन थांबते. याच आकड्यामागे खराब रॅमही असू शकते, पण आधी आयएसओ तपासणे स्वस्त पडते.

विंडोजवर सर्वांत सोयीचे साधन म्हणजे २०११ पासूनचे रूफस. त्यात एकच निवड विचार करून करायची असते. यंत्र नवे असेल तर जीपीटी (एमबीआरच्या जागी आलेली पार्टिशनची नवी पद्धत) आणि यूईएफआय. २०१२च्या आधीचे असेल तर बहुधा एमबीआर आणि बायोस. गावातल्या शाळेची प्रयोगशाळा किंवा काजू कारखान्याचे बिलिंगचे यंत्र बहुतेक दुसऱ्या प्रकारात मोडते. लिनक्सची हायब्रिड आयएसओ असेल तर रूफस आयएसओ पद्धत (आतल्या फाइली कॉपी करणारी) की डीडी पद्धत (आयएसओ जशीच्या तशी उतरवणारी) असे विचारतो. आधी आयएसओ पद्धत करून पाहावी, ती नाही चालली तर डीडी.

निरनिराळ्या यंत्रांना हात लावणाऱ्याने २०२० साली आलेले व्हेंटॉय वापरावे. ते पेनड्राइव्हवर एक मोठे आणि एक ३२ एमबीचे अशी दोन पार्टिशन करते. मोठ्यात आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या. बूट होताना त्यांची यादी समोर येते. विंडोज १०, विंडोज ११, लिनक्स मिंट आणि रॅम तपासण्याचे मेमटेस्ट एवढ्यांना ३२ जीबी पुरतात. सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीचाच बूट प्रोग्रॅम चालू देणारी सोय, चालू असलेल्या यंत्रावर पहिल्या खेपेस निळा पडदा येतो आणि व्हेंटॉयची चावी नोंदवायला सांगतो. तो बिघाड समजून यंत्र बंद करू नये.

लिनक्सवर डीडी ही आज्ञा पुरते: इनपुटला आयएसओ, आउटपुटला पेनड्राइव्ह, ब्लॉक ४ एमबी. मात्र आउटपुटला पार्टिशनचे नाव न देता आख्ख्या डिस्कचे नाव द्यायचे असते, म्हणजे एसडीबी१ नव्हे, एसडीबी. आणि ते नाव बरोबर आहे ना हे आधी डिस्कची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलके आज्ञेने पाहायचे. डीडी विचारत नाही, मागे फिरत नाही. एका अक्षराच्या चुकीने दुकानाचा सगळा हिशेब पुसला जाऊ शकतो. आज्ञा संपल्यावर सिंक चालवून मगच पेनड्राइव्ह काढावा. काम झालेले दिसते तेव्हाही शेवटचे काहीशे एमबी रॅममध्येच रेंगाळत असू शकतात. स्वस्त यूएसबी २ पेनड्राइव्ह सेकंदाला ६ एमबी लिहीत असेल तर ६ जीबीला सतरा मिनिटे लागतात, तेवढा धीर धरावा.

डीव्हीडी आता फक्त यूएसबीवरून न उठणाऱ्या जुन्या डेस्कटॉपसाठी उरली. एका थराच्या ४.७ जीबी डीव्हीडीवर विंडोजच्या मोजणीत ४.३८ जीबीच मावते, त्यामुळे आजचे विंडोज त्यात बसत नाही. डेबियनची छोटी नेटवर्क आयएसओ किंवा पपी लिनक्स मजेत बसते. राइट करताना ‘इमेज बर्न’ निवडावे. आयएसओ साध्या फाइलीसारखी टाकली की डिस्क उघडल्यावर आत एकच आयएसओ दिसते आणि डिस्क वाया जाते. वेग कमी ठेवून शेवटी पडताळणी करून घ्यावी.

विंडोज मारण्याआधी

डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि टॅलीचे डेटा फोल्डर बाजूला काढले की झाले, असे समजणारे फॉन्ट विसरतात. सेवा केंद्रे, छापखाने आणि ग्रामपंचायतींच्या जुन्या मराठी फाइली पुष्कळदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात; श्रीलिपी, कृतिदेव वगैरे. विंडोज नवे झाले की फाइल उघडते, पण ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर जागेवरच असतो, फक्त फॉन्ट गेलेला असतो. म्हणून सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातले फॉन्ट्स आधी कॉपी करावे. डिजिटल सहीच्या टोकनचे आणि प्रिंटरचे ड्रायव्हरही त्याच वेळी जमवून ठेवावे.

नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का तेही पाहावे. सिक्युअर बूट किंवा बूट क्रम बदलला की तो ४८ अंकी रिकव्हरी चावी मागू शकतो. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते आणि मालकाला त्या खात्याचा पासवर्ड आठवत नसतो. चावी हाती आल्याशिवाय बायोसला हात लावू नये.

यंत्र पेनड्राइव्हवरून उठत नाही तेव्हा

बूट मेनूची कळ कंपनीगणिक बदलते. डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप आणि मदरबोर्डला एफ८, एमएसआयला एफ११. एसरला एफ१२, पण तो मेनू बऱ्याच मॉडेलमध्ये आधी एफ२ने बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. कळ दाबूनही विंडोजच उघडत असेल तर फास्ट स्टार्टअपचा संशय धरावा. त्यात ‘शट डाउन’ केले तरी यंत्र पुरते बंद होत नाही; ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळे नव्याने सुरू होते.

मेनूत एकच पेनड्राइव्ह कधी दोनदा दिसतो, एकदा आधी यूईएफआय लिहून आणि एकदा नुसता. चुकीचा निवडला तर इन्स्टॉल डिस्क निवडण्यापर्यंत जाते आणि तिथे ‘या डिस्कवर एमबीआर आहे’ किंवा उलट ‘जीपीटी आहे’ म्हणून अडते. फॉरमॅट करून काही फरक पडत नाही. मागे जाऊन दुसऱ्या नोंदीवरून बूट करावे. जुन्या डिस्कवर विंडोज १० जिवंत असेल आणि यूईएफआयच हवे असेल, तर एमबीआर२जीपीटी हे साधन डेटा न पुसता डिस्क बदलून देते. फक्त मुख्य पार्टिशन तीनहून जास्त नकोत.

अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपवर हमखास होणारी गोष्ट: पेनड्राइव्ह उत्तम बूट होतो, भाषा विचारतो आणि डिस्कची यादी कोरी येते. एसएसडी मेली असे समजून ती बदलायला निघू नये. इंटेलचे व्हीएमडी (एसएसडी हाताळणारी इंटेलची वेगळी यंत्रणा) चालू असते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर सुटा करून त्याच पेनड्राइव्हच्या एका फोल्डरात ठेवावा, ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो दाखवावा, म्हणजे डिस्क यादीत येते. हा फोल्डर पेनड्राइव्हवर कायमच असू द्यावा, नाहीतर त्या क्षणी नेट शोधत बसावे लागते. विंडोज ७ टाकताना असाच घोळ यूएसबी ३चा होतो. माऊस आणि कीबोर्ड गप्प पडतात, कारण विंडोज ७मध्ये त्याचा ड्रायव्हरच नाही. काळ्या यूएसबी २ पोर्टात लावून पाहावे.

पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढून घ्यायचा. राहिला तर यंत्र पुन्हा त्याच्यावरूनच उठते आणि इन्स्टॉल पहिल्यापासून सुरू होते. तारीख दर वेळी मागे जात असेल आणि बूटचा क्रम टिकत नसेल, तर दोष पेनड्राइव्हचा नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे.

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षा यंत्रणा लागते. रूफस ती अट काढून टाकलेला पेनड्राइव्ह करून देतो, पण दहा वर्षांच्या ४ जीबी रॅमच्या यंत्रावर त्याने सुख लाभत नाही. अशा यंत्राला लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती बरी. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड तिच्यात असतोच, आणि इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वाय-फाय, आवाज, प्रिंटर तपासता येतात.

खारी हवा, पाऊस आणि वीज

किनाऱ्यालगत पेनड्राइव्हआधी गंजतो तो डेस्कटॉपचा पुढचा यूएसबी पोर्ट. शिवाय पुढच्या पोर्टाला आतून लांब वायर असते, म्हणून इन्स्टॉलसाठी मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरावा. पेनड्राइव्हच्या पट्ट्या मळकट दिसल्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसाव्या आणि सुकल्यावर लावावा. ठेवायला घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. तांदळाच्या डब्यात ठेवण्याची घरगुती युक्ती टाळावी, कोंडा पोर्टात जाऊन बसतो.

डीव्हीडी दमटपणात लवकर जाते. उजेडासमोर तिरकी धरून पाहिले की कडेला जाळीसारखी बुरशी किंवा सुईच्या टोकाएवढी भोके दिसतात. बुरशी पुसता येते, मऊ फडक्याने आणि मधून कडेकडे. गोल फिरवून पुसले तर ओरखडा डेटाच्या रेषेवरूनच जातो. भोके पडली असतील तर परावर्तक थरच गेलेला असतो, तिथे काही होत नाही.

पेनड्राइव्ह बनवताना वीज गेली तर फारसे नुकसान नाही, पुन्हा बनवावा. हार्ड डिस्कवर इन्स्टॉल चालू असताना गेली तर जुने विंडोजही नाही आणि नवेही नाही अशी अवस्था होते. म्हणून डेस्कटॉपला यूपीएस असल्याशिवाय पावसात हे काम काढू नये. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी.

पुरात भिजलेल्या यंत्राच्या बाबतीत बूटेबल पेनड्राइव्ह सर्वांत शेवटी येतो. २२ जुलै २०२१च्या वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तशा पाण्यात चिखलही असतो. हार्ड डिस्क आत भिजली असेल तर तिला वीज देऊ नये, ते काम डेटा काढणाऱ्या तज्ज्ञाचे. यंत्र भिजले पण डिस्क कोरडी राहिली असेल, तर डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून लाइव्ह (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या) लिनक्सवरून फाइली बाहेर काढता येतात.

पेनड्राइव्ह पूर्ववत करणे

डीडी पद्धतीने बनवलेला पेनड्राइव्ह विंडोजमध्ये लावला की तो काही एमबींचाच दिसतो किंवा ‘फॉरमॅट करा’ म्हणतो. तो खराब झालेला नसतो. त्याच्यावरची पार्टिशन विंडोजला वाचता येत नाहीत, एवढेच. विंडोजचे डिस्कपार्ट हे आज्ञा देऊन डिस्क हाताळण्याचे साधन उघडून लिस्ट डिस्क ही आज्ञा द्यावी, आकारावरून पेनड्राइव्हचा क्रमांक ओळखावा, तो सिलेक्ट करून क्लीन द्यावे. डिस्क ० बहुधा यंत्राचीच असते. मग क्रिएट पार्टिशन प्रायमरी आणि एक्सफॅटमध्ये क्विक फॉरमॅट. क्लीन देण्याआधी बाकीचे सगळे पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्क काढून ठेवल्या की क्रमांक चुकायला जागाच राहत नाही.