ड्राय फ्लायचे पंख: पीस, केस की पॉली यार्न?

ड्राय फ्लाय म्हणजे ट्राउट पकडायला गळावर बांधलेली, पाण्यावर तरंगणारी नकली माशी. तिच्या पंखाला दोन कामे असतात. खालून बघणाऱ्या ट्राउटला तो मेफ्लाय या पाणकिड्याच्या उभ्या पंखासारखा वाटला पाहिजे आणि काठावरून तुम्हाला दिसला पाहिजे. दोन्ही कामे सारखीच चांगली करणारे साहित्य नाही. हिमाचलातल्या तीर्थन किंवा बरोटजवळच्या उहल नदीसारख्या खळाळत्या पाण्यात दिसणे आणि तरंगणे आधी बघा, संथ डोहात आकार आधी.

साहित्य कोणतेही घ्या, पंखाची उंची साधारण गळाच्या दांड्याइतकी ठेवा. बांधायची जागा गळाच्या नेढ्यापासून मागे, दांड्याच्या एक तृतीयांशावर. पंख नेढ्याला चिकटून बांधला तर हॅकल (माशीभोवती गुंडाळायचे कोंबड्याचे पीस) गुंडाळायला आणि गाठीला जागाच उरत नाही. नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

पॉली यार्न: पहिली खरेदी हीच करा

पॉली यार्न म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा धागा. पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे ०.९१, म्हणजे पाण्यापेक्षा कमी. नायलॉनची १.१४ आणि पॉलिएस्टरची १.३८. अँट्रॉनही नायलॉनच, चमक सुंदर, पण पंखासाठी नको, ते कात टाकणाऱ्या किड्याच्या शेपटीला वापरा. बाजारात ‘पॉली’ म्हणून काहीही विकले जाते, तेव्हा घरी तपासून घ्या. पेल्यात पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घाला, चिमूटभर धागा आत बुडवून बोटांनी दाबा, हवा निघू द्या. वर आला तर पॉलिप्रॉपिलीन. साबण विसरू नका. त्याच्याशिवाय नायलॉनसुद्धा पृष्ठताणावर तरंगून फसवतो.

पॅराशूट माशीत पंख म्हणजे एक उभा खांब, हॅकल त्याच्याभोवती आडवे गुंडाळतात. हा खांब १४ नंबरच्या गळावर असा बांधा. पाच सेंटिमीटर धागा घेऊन त्याची जाडी निम्मी करा. तो दांड्याच्या खालून घेऊन दोन्ही टोके वर ओढा आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तीन-चार फेरे मारा. मग खांबाच्या बुंध्याभोवती आडवे आठ-दहा फेरे वर चढवत न्या, दोनेक मिलिमीटरपर्यंत, आणि पुन्हा खाली आणा. बुंध्यावर सुपरग्लूचा सुईच्या टोकाएवढा ठिपका. हॅकलचे तीन-चार फेरे पुरतात, प्रत्येक फेरा आधीच्या खाली बसवा. खांब सर्वांत शेवटी छाटा.

हॅकल खांबावरून वर निसटत असेल तर बुंध्याचे फेरे कमी पडलेत. माशी कुशीवर पडत असेल तर खांब जाड किंवा उंच झालाय. आधी उंची कमी करा, तरी पडली तर पुढच्या माशीत धागा कमी घ्या.

रंगाची फार चिंता नको, पॅराशूटचा खांब माशाला बऱ्यापैकी झाकलेलाच असतो. रंग तुमच्यासाठी आहे. सावलीत गुलाबी किंवा नारिंगी घ्या. पाण्यावर फेस असेल तर पांढरा हरवतो. संध्याकाळी पाणी चांदीसारखे चमकते तेव्हा सर्वांत स्पष्ट दिसतो तो काळा. हे पटत नाही, पण एकदा बांधून बघा.

रॉयल वुल्फसारख्या माश्यांना वासराच्या शेपटीचे केस वापरायची पद्धत आहे. ते आम्ही विक्रीला ठेवत नाही. पॉली यार्नने काम भागते, वजनही कमी होते.

हरणाचे केस

कंपॅराडन या माशीला हॅकल नसतेच, केसांचा अर्धवर्तुळाकार पंखच तिला तोलून धरतो. म्हणून केसांची निवड चुकली की माशी गेली. पोटाकडचे जाड, पोकळ केस दोरा आवळताच नव्वद अंशांत उभे राहतात. ते डोकी बनवायला ठीक, पंखाला नाहीत. पंखासाठी बारीक, सरळ आणि काळे टोक आखूड असलेले केस निवडा, कारण काळ्या टोकात पोकळी नसते आणि तिथे दोऱ्याची पकड वेगळी बसते. आवळल्यावर आगकाडीएवढी जुडी १४ नंबरला पुरते. मुळाशी असलेली लव कंगव्याने पूर्ण काढा, नाहीतर स्टॅकरमध्ये (केसांची टोके एका रेषेत आणायची नळी) टोके जुळत नाहीत. टोके नेढ्याच्या दिशेने ठेवून आधी दोन सैल फेरे मारा, मग घट्ट. जुडी उभी करून तिच्यापुढे दोऱ्याचा बांध घाला. जुडी दांड्याभोवती फिरत असेल तर खाली दोऱ्याचा थर दिलेला नाही, किंवा पहिलाच फेरा फार घट्ट झालाय.

एल्कचे केस जास्त टणक असतात आणि कमी पसरतात, म्हणून कॅडिस या पाणकिड्याच्या छपरासारख्या पंखाला ते बरे.

आमच्याकडचे केस परदेशी हरणांचे आहेत. चितळ, सांबर यांचे केस किंवा रानबदकांची पिसे कुणी देऊ केली तरी घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो. आम्हीही ती विकत घेत नाही.

सीडीसी

बदकाच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते, तिच्याभोवतीची ही मऊ पिसे. तेलाचा उपयोग होतो, पण खरे काम त्यावरच्या बारीक तंतूंचे. ते हवा धरून ठेवतात. त्यामुळे रंगवताना तेल धुतले गेले तरी पीस निकामी होत नाही. मात्र त्यावर माशी तरंगवायचे जेल लावले की तंतू एकमेकांना चिकटतात, हवा निघून जाते आणि माशी बुडते. सीडीसीवर फक्त सिलिकाची कोरडी पावडर. मासा लागल्यावर माशी पाण्यात खळबळून चिकटा काढा, कापडात दाबून टिपा, मग पावडरीत हलवा. संथ पाण्यात याला तोड नाही. खळाळत्या पाण्यात मात्र दर दोन-चार फेकींना टिपत बसावे लागते.

बाकीची पिसे

कोंबड्याच्या हॅकलची टोके अ‍ॅडम्स या माशीला लागतात. मिशिगनमध्ये लेन हॅलडेने ती १९२२ मध्ये बांधली. टोके नाजूक दिसतात, पण दूरून दिसत नाहीत. बदकाच्या उड्डाणपिसांच्या पट्ट्या हव्या असतील तर एक डाव्या पंखातली आणि एक उजव्या पंखातली लागते, दोन्ही एकाच बाजूच्या घेतल्या तर पंख एकीकडे कलतात. त्या दिसायला देखण्या, पण दोन मासे लागले की फाटतात, आणि वाकड्या बसल्या तर माशी हवेत पंख्यासारखी फिरून टिपेटला (दोरीच्या टोकाचा बारीक धागा) पीळ पडतो. फ्रेममध्ये लावायच्या माशीलाच त्या घ्या, असे आमचे मत.

गावठी कोंबड्याची पिसे स्वतः आणत असाल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि मगच बाकीच्या साहित्यात मिसळा. कसरीची अंडी एका पिसावरून सगळ्या डब्यात पोचतात. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच. पॉली यार्नला यातले काही लागत नाही.

मागणी करताना गळाचा नंबर, पाणी खळाळते की संथ, आणि माशी पॅराशूट हवी की उभ्या हॅकलची, एवढे कळवा.