दहा जणांचं लॅक्रोस, सहा जणांचं लॅक्रोस

मी पोरांना लॅक्रोस शिकवतो, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ. ऐरोलीच्या टर्फवर रविवारी सकाळी त्यांना घेऊन उतरलो की जाळीच्या बाहेरून एक प्रश्न हमखास येतो : "सर, हे ते ऑलिंपिकवालं का?" हो म्हणावं तर पोरं घरी जाऊन मोबाइलवर जे बघतात ते वेगळंच असतं. नाही म्हणावं तर पालक पुढच्या रविवारी बॅडमिंटनला.

घोटाळा होतो तो असा. 16 ऑक्टोबर 2023 रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन इथेच, खाडीपलीकडे मुंबईत बीकेसीत भरलं होतं. लॉस एंजेलिस 2028 साठी पाच खेळांना तिथे मंजुरी मिळाली. आपल्या पेपरांनी मथळा क्रिकेटचा केला, साहजिकच आहे. त्याच यादीत लॅक्रोसही होतं, पण ते 'सिक्सेस', म्हणजे सहा जणांचं. आणि 'मेन्स लॅक्रोस' म्हणून शोधलं की व्हिडिओ येतात ते अमेरिकन कॉलेजांच्या सामन्यांचे. ते फील्ड लॅक्रोस, दहा जणांचं. काठी तीच, चेंडू तोच, गोलही तोच सहा बाय सहा फुटांचा. त्यामुळे एक मोठा आणि एक छोटा, एवढाच फरक असेल असं वाटतं. मलाही पहिलं वर्षभर तसंच वाटत होतं.

(सिक्सेस म्हणजे बॉक्स लॅक्रोस नव्हे, हेही सांगून टाकतो, कारण बॉक्स क्रिकेट खेळलेली पोरं लगेच तसं धरून चालतात. बॉक्स हा तिसराच प्रकार. कॅनडात तो आइस हॉकीच्या रिंगणात, बर्फ नसताना, चारी बाजूंनी फळ्या असलेल्या जागेत खेळतात. गोलही लहान. तो आज बाजूला ठेवू.)

"म्हणजे कसोटी आणि ट्वेंटी-ट्वेंटी," असं कोणी म्हटलं की मी थोडा अडतो. ट्वेंटी-ट्वेंटीत ओव्हर कमी झाल्या, पण बॉलर बॉलरच राहिला, कीपर कीपरच. सिक्सेसमध्ये कामंच्या कामं गायब झाली आहेत.

फील्डमध्ये एक गोलकीपर, तीन डिफेन्स, तीन मिडफिल्ड, तीन अटॅक. ऑफसाइडचा नियम असा की काही जणांना मागच्या अर्ध्यात थांबावंच लागतं, काहींना पुढच्या. अटॅकवाला आपल्या गोलजवळ बचावाला येतच नाही, आणि त्यात त्याला काही कमीपणाही नसतो. डिफेन्सवाल्यांच्या हातात सहा फुटांपर्यंतची लांब काठी असते, बाकीच्यांकडे साधारण साडेतीन फुटांची. एका वेळी लांब काठ्या चारच. चालू खेळात धावत बाहेर जायचं आणि दुसऱ्याने आत यायचं, हे सतत चालू. एका पठ्ठ्याचं तर कामच एवढं की मध्यावर वाकून फेसऑफ (दोघांनी समोरासमोर, मधे ठेवलेला चेंडू काठीने आपल्याकडे खेचायची झुंज) जिंकायचा आणि पळत बाहेर यायचं. फील्डमध्ये प्रत्येक गोलनंतर फेसऑफ असतो, म्हणून असा माणूस सामना फिरवू शकतो. लागोपाठ फेसऑफ जिंकत गेला की समोरच्यांच्या हाती चेंडू पडतच नाही.

सिक्सेसमध्ये फेसऑफ फक्त प्रत्येक क्वार्टरच्या सुरुवातीला, म्हणजे सामन्यात चार वेळा. गोल झाला की गोलकीपरने जाळीतून चेंडू काढायचा आणि खेळ सुरू. लांब काठी कोणालाच नाही. गोलकीपर सोडून पाच जण, आणि पाचही जणांनी पुढेही जायचं, मागेही यायचं.

माझी चूक इथेच झाली. कॉलेजच्या व्हिडिओंवरून सराव उतरवायचो आणि दर रविवारी चाळीस मिनिटं फेसऑफला द्यायचो. पोरांना मजा यायची, कुस्तीसारखं काहीतरी वाटायचं. वाशीच्या पोरांशी सहा-सहाचा पहिला सामना खेळलो तेव्हा आम्ही फेसऑफ तीन जिंकले आणि सामना सपशेल हरलो. आम्ही गोल केला की माझी पोरं टाळ्या देत उभी, तोवर त्यांच्या गोलकीपरचा लांब पास आमच्या डोक्यावरून गेलेला.

तेव्हापासून सरावात गोलकीपर आधी. फील्डमध्येही तो पास देतोच, पण सिक्सेसमध्ये पुढचा हल्ला त्याच्यापासूनच सुरू होतो. जाडा आहे, पळवत नाही, म्हणून गोलमध्ये उभा केला, हा आपल्या गल्लीचा जुना रिवाज इथे महागात पडतो. मी आता ज्याचा पास सगळ्यात सरळ जातो त्याला उभा करतो.

दुसरा मोठा फरक घड्याळाचा. अमेरिकन कॉलेजांत 15 मिनिटांचे चार क्वार्टर आणि शॉट क्लॉक (चेंडू हाती आला की एवढ्या वेळात गोलवर मारावाच लागतो) 80 सेकंदांचं, तेही 2019 च्या मोसमापासून. 80 सेकंदांत गोलच्या मागे चेंडू नेऊन, हेरून, जोडीदाराला वाट करून देऊन डाव रचता येतो. सिक्सेसमध्ये 8 मिनिटांचे चार क्वार्टर आणि 30 सेकंद. अर्ध्या मैदानापर्यंत येण्यातच त्यातले काही सरतात. व्हिडिओतले रचलेले डाव म्हणूनच मी आता दाखवत नाही. दोन विरुद्ध एक, तीन विरुद्ध दोन अशा परिस्थिती पुन्हा पुन्हा खेळवतो, कारण हाताशी तेवढंच लागतं.

जागेचं म्हणाल तर फील्डचं मैदान 110 बाय 60 यार्ड, म्हणजे जवळपास फुटबॉलचं. ठाण्यात किंवा इकडे असं मोकळं मैदान रविवारी सकाळी मिळणं म्हणजे लॉटरीच. त्यावर आधीच क्रिकेटच्या चार मॅचेस एकमेकींत घुसलेल्या असतात. सिक्सेसला 70 बाय 36 मीटर. आपलं भाड्याचं टर्फ त्यालाही पुरत नाही, पण त्यावर तीन-तीन जण खेळवता येतात. दहा-दहाचं तिथे काहीच जमत नाही. मी सिक्सेसकडे वळलो ते ऑलिंपिकसाठी नाही, ह्या हिशोबासाठी.

काही गोष्टी मात्र दोन्हीकडे सारख्याच, आणि नव्या पोराचे पहिले तीन महिने त्यातच जातात. भिंतीवर चेंडू मारून परत झेलणं, उजव्याइतकंच डाव्या हाताने. जमिनीवरचा चेंडू काठी जवळजवळ आडवी करून, कमरेतून वाकून, धावता धावता उचलणं. आपली पोरं तिथे चेंडूवर जाळी दाबून थांबतात, तोवर दुसरा येऊन घेऊन जातो. आणि खोळ. पुरुषांच्या काठीत जाळीची खोळ किती खोल असावी याला मर्यादा आहे : काठी डोळ्यांसमोर आडवी धरली आणि चेंडूचा माथा कडेच्या पट्टीच्या खाली जाऊन मधून उजेड दिसला, तर ती काठी नियमबाह्य. पावसाळ्यात जाळी भिजून सैल होते. गेल्या जूनमध्ये ठीक असलेल्या काठ्या ऑगस्टमध्ये बाद निघाल्या.

हेल्मेट, ग्लोव्हज, खांद्याचे पॅड यावर दोन्हीकडे तडजोड नाही. चेंडू भरीव रबराचा, वजनाने सीझन बॉलपेक्षा किंचितच कमी. क्रिकेटचं हेल्मेट चालवून घ्या, असं कोणी म्हटलं तर मी त्या दिवशी त्या पोराला आत घेत नाही.

राहिली काठी. नवीन पालकांना मी आधीच सांगतो, आखूडच घ्या, ती दोन्हीकडे चालते. एका वडिलांनी माझं ऐकायच्या आत ऑनलाइन सहा फुटी मागवली होती. परत घेत नव्हते. आता टर्फच्या वरच्या जाळीत चेंडू अडकला की तीच काढतो, हात बरोबर पोचतो.