राहतो तोच ठरवणार, हा नियम नाशकात आला कुठून?

२०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तपोवनातल्या झाडांवरून केवढा गदारोळ झाला ते आठवत असेलच. कुंभमेळ्याला येणाऱ्या साधूंच्या साधुग्रामसाठी सतराशे-अठराशे झाडं काढायची नोटीस निघाली, हरकतींचा पाऊस पडला, सयाजी शिंदे नाशकात येऊन झाडांच्या बाजूने उभे राहिले, आणि लगेच एक वाक्य जिकडेतिकडे ऐकू यायला लागलं की तुम्ही नाशिकचे आहात का, नाही ना, मग तुमचं इथं काय काम. माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो, पंधरा वर्षं झाली आता, त्याने पण हरकत पाठवली होती आणि तसं फॅमिली ग्रुपवर सांगितलं, तर आमचे काका म्हणाले, अरे तू पुणेकर झालास, मत तिकडं, घरपट्टी तिकडं, इथलं आम्ही बघून घेऊ ना. भाऊ गप्प बसला. मला फार लागलं ते, पण काकांचं म्हणणं पूर्ण खोडून काढायलाही जमेना, कारण त्यात काहीतरी खरं आहे असं मलाही वाटत होतं. म्हणून ही "जो राहतो त्याचा हक्क" भानगड मुळात कधीपासूनची आहे ते जरा मागं जाऊन बघितलं.

नाशिकची नगरपालिका १८६४ ची. पण तेव्हाची नगरपालिका म्हणजे आपण आज समजतो तसलं काही नव्हतं, कलेक्टरसाहेबांच्या हाताखाली सरकारने नेमलेले लोक बसायचे आणि कारभार बघायचे, निवडून कोण द्यायचं हा प्रश्नच नव्हता. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला १८८२ ला आणि मग हळूहळू निवडणुका सुरू झाल्या, पण मत कुणाला? तर ज्याची मिळकत आहे, जो ठरावीक कर भरतो, अशा थोड्या लोकांना. म्हणजे पंचवटीत जन्मलेला, रोज सकाळी गंगेवर जाणारा (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो), पिढ्यानपिढ्या इथंच मजुरी करणारा माणूस, त्याच्या नावावर काही नसेल तर तो गावच्या कारभारात मोजलाच जायचा नाही. तेव्हा विचारायचे ते "तुझं काय आहे इथं?" एवढंच, राहतोस का वगैरे नंतरचं. काका घरपट्टीचं बोलले ना, ते नकळत त्या जुन्या जमान्यातलं बोलले.

आणि हे फक्त आपल्याकडे नव्हतं, जिथून हा नियम आला त्या इंग्लंडमध्ये तर दुकान-ऑफिस असलेल्या माणसाला तो तिथं राहत नसला तरी स्थानिक निवडणुकीत मत असायचं, ते १९६९ ला बंद केलं त्यांनी. अपवाद एकच ठेवला, लंडनचा जो जुना व्यापारी भाग आहे, सिटी ऑफ लंडन, तिथं आजही कंपन्यांना मत आहे, कंपनीत माणसं किती त्यावर मतदार किती ते ठरतं. कारण तिथं राहणारे काही हजार आणि रोज कामाला येणारे लाखो. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरात पण बाहेर राहणाऱ्या मालकांना आणि धंदेवाल्यांना मत आहे. सिडनीत २०१४ ला कायदा करून प्रत्येक धंद्याला दोन दोन मतं दिली होती, म्हणजे तिथं राहणाऱ्या माणसाला एक आणि दुकानाला दोन. २०२३ ला रद्द केलं ते. बरं केलं. पैशावर मत मोजायला लागलात की ज्याच्याकडे जास्त त्याचं जास्त, याला शेवटच नाही.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर सगळ्या प्रौढांना मत मिळालं आणि १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात "सर्वसाधारणपणे रहिवासी" हा शब्द आला. त्याच कायद्याच्या २० व्या कलमात एक वाक्य आहे जे मला फार आवडतं, की केवळ एखाद्या ठिकाणी घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी होत नाही. आता नाशकात याचा अर्थ काय ते बघा. कॉलेज रोडला, गंगापूर रोडला, पाथर्डी फाट्याला मुंबईकरांनी घेऊन ठेवलेले कितीतरी फ्लॅट आहेत, काही बंद, काही भाड्याने. घरपट्टी भरतात ते, पाणीपट्टी भरतात, पण मत नाही, आणि त्याच फ्लॅटमध्ये भाड्याने राहणाऱ्या नर्सला आहे, तिने नाव नोंदवलं असेल तर. शंभर वर्षांपूर्वी हेच बरोबर उलटं असतं. हा बदल साधा नाही, आणि मी यापासून मागं जायला अजिबात तयार नाही.

महापालिकेची यादी पण वेगळी बनत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागात फोडतात. त्यामुळे विधानसभेच्या यादीत कोण आहे यावर सगळं येतं आणि तिथं गंमतीजमती नाही तर खरे प्रश्न आहेत. २०१० च्या दुरुस्तीने परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला पासपोर्टवरच्या पत्त्यावर मतदार होता येतं, फक्त मत द्यायला इथं यावं लागतं. म्हणजे दुबईत दहा वर्षं राहणारा नाशिककर मतदार होऊ शकतो, पण पुण्यात राहणारा माझा भाऊ नाही, आणि अंबडच्या कारखान्यात काम करून चुंचाळ्याला खोलीत राहणारा बिहारचा पोरगा, ज्याचं नाव गावाकडच्या यादीत आहे, तो पण नाव इकडं हलवून घेत नाही तोवर नाही. त्या पोराला रोज नाशिकचं पाणी, नाशिकचा कचरा, नाशिकचे खड्डे. माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय त्याच्यावर आहे, आणि "बाहेरचे" म्हणून सगळ्यात जास्त बोलणीही तोच खातो.

त्यात आपली एक जुनी सवय. नाशकात राहणाऱ्या हजारो लोकांची नावं अजून गावाकडेच आहेत, सिन्नर, निफाड, कळवण, सुरगाणा, जिथं जमीन तिथं नाव. ग्रामपंचायतीचं मतदान असलं की आदल्या रात्रीपासून गाड्या निघतात शहरातून, पॅनलवाले सोय करतात. गावात रोज राहणारी म्हातारी माणसं आणि शहरातून आलेली गाडीभर मतं, यात सरपंच कोण हे कधी कधी गाडी ठरवते. २०२५ ला दुबार नावांवरून राज्यभर वाद झाला, याद्यांमध्ये नावापुढे दोन चांदण्या छापून आल्या, कुठं मत देणार ते लिहून घेतलं, त्याची मुळं बरीचशी इथं आहेत. सगळेच काही लबाडीने करत नाहीत, माणसाचा जीव दोन ठिकाणी असतो हो.

आणि आमचे काका. इंदिरानगरला १९९१ पासून राहतात. मत निफाड तालुक्यातल्या गावात.

हे मला आधीपासून माहिती होतं पण त्या दिवशी ग्रुपवर लक्षातच आलं नाही. नंतर घरी गेले तेव्हा विचारलं, की काका तुम्हाला तरी नाशकात कुठं मत आहे. ते रागावले नाहीत, थोडा वेळ थांबून म्हणाले, गावाची गोष्ट वेगळी गं, तिथं आपली माती आहे. मी म्हटलं त्याची पण इथं आहे.

आता दुसरी बाजू. राहणाऱ्यांचा हक्क राहणाऱ्यांचा हक्क म्हणतो आपण, पण नाशिकच्या राहणाऱ्यांना तरी तो किती मिळाला? ७ नोव्हेंबर १९८२ ला नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि आजूबाजूची गावं एकत्र करून महापालिका झाली. त्या गावांतल्या लोकांनी शहरात यायचंय का नाही यावर कधी मत दिलं नाही. पहिली निवडणूक झाली १९९२ ला, तोवर प्रशासक. मग २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपली आणि ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट असं करत करत जानेवारी २०२६ ला मतदान झालं, तोवर पुन्हा प्रशासक. दोन्ही मिळून तेरा-चौदा वर्षं. या काळात शहराचं सगळं ठरवणारे अधिकारी बदलीवर आलेले, बदलीवर जाणारे. म्हणजे नाशिककर नसलेल्या माणसांनी नाशिकचं ठरवलंच की, आणि तेव्हा कुणी विचारलं नाही. तपोवनाची नोटीससुद्धा त्याच प्रशासकाच्या काळात निघाली, सभागृहात एकही नगरसेवक नसताना.

कुंभमेळ्याचं तर सगळंच असं. सिंहस्थ म्हटलं की आखाडे आले, साधुग्राम कुठं, शाही मार्ग कुठून, पर्वण्या कधी, सगळ्यात त्यांचं म्हणणं ऐकलं जातं आणि ते ऐकलंच पाहिजे, कारण मेळा त्यांचा आहे. २०२५ ला तर कुंभमेळ्यासाठी वेगळं प्राधिकरण झालं, विभागीय आयुक्त त्याचे अध्यक्ष. पण २७ ऑगस्ट २००३ ला काळाराम मंदिराच्या बाजूच्या गल्ल्यांत चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली, त्यात बाहेरून आलेले यात्रेकरू होते. शाही मार्ग किती रुंद असावा यात त्यांचा काही संबंध नव्हता असं कोण म्हणेल? आणि २०१५ ला बंदोबस्त एवढा कडक होता की जुन्या नाशकातल्या लोकांना स्वतःच्या गल्लीतून बाहेर पडायची पंचाईत, माझी आई पहिल्या पर्वणीला दूध आणायला जाऊ शकली नव्हती. दोघांचंही ऐकायला पाहिजे होतं. बाहेरच्यांचं ऐकायचं का हा प्रश्नच फसवा वाटतो मला, कारण ज्यांच्यामागे संघटना आहे त्या बाहेरच्यांचं ऐकलं जातंच, ज्यांच्यामागे कुणी नाही त्यांनाच पत्ता विचारतात.

आणि काळाराम म्हटलं की १९३० आलंच. २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा मुंबईला राहत होते. दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. पां. ना. राजभोज पुण्यात काम करणारे. हजारो माणसं आली, जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून आणि त्याच्याही बाहेरून. पंचवटीतल्या मंदिराच्या दारात कोण जाणार हे पंचवटीतल्यांनी ठरवायचं असा नियम लावला असता तर काय झालं असतं सांगा, ज्यांच्यासाठी दार बंद होतं ती माणसं याच गावची होती, त्यांना गावात राहूनही आवाज नव्हता, आणि त्यांच्या पाठीशी उभं राहायला बाहेरून यावं लागलं. काही वर्षं चालला तो लढा, दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आपल्या जिल्ह्याचा हा इतिहास आहे, "बाहेरच्यांनी बोलू नये" म्हणताना तो आठवला पाहिजे निदान.

फक्त इथं आपल्याला सोयीचं तेवढंच घ्यायचं नाही. पाण्याचं बघा. गंगापूर, दारणा, मुकणे भरली की आपण खूश, पण ती गंगा पुढं पैठणला जाते, जायकवाडीला. मराठवाड्यातल्या माणसाला नाशकात मत नाही, आणि नाशिकचं पाणी आरक्षण त्याच्या शेताचं ठरवतं. २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला, त्यात समन्यायी वाटप आलं, २०१४ ला प्राधिकरणाचा आदेश आला, जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हायकोर्टातही तो मुद्दा लढला गेला. पाणी सोडायची वेळ आली की आपल्याकडे आंदोलन ठरलेलं. मी पण एकदा गेले होते त्यात. आता विचार करते तेव्हा वाटतं की नाशिकच्या महासभेत मराठवाड्याला मत देणं शक्य नव्हतं, पण त्यांचं ऐकून घेणारी, आकड्यावर निर्णय देणारी एक जागा कायद्याने केली, हे चांगलंच झालं. आपल्याला झोंबलं तरी.

तर माझं असं झालंय की मत आणि म्हणणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. मत जो राहतो त्याचं, मग तो भाड्याने राहो, चुंचाळ्याच्या खोलीत राहो, त्याचं नाव यादीत यायला सोपं करा. म्हणणं मात्र कुणाचंही. आणि हे काही मी नवीन सांगत नाही, कायद्यात आहेच. १९६६ च्या नगररचना कायद्यात विकास आराखड्याचा मसुदा आला की कुणीही व्यक्ती हरकत-सूचना देऊ शकते, मतदार कार्ड मागत नाहीत. झाडांच्या १९७५ च्या कायद्यातही नोटीस लावायची, हरकती घ्यायच्या, तिथंही मतदार असायची अट नाही. अडचण पुढं आहे, की हरकती येतात, सुनावणीला पाच-पाच मिनिटं देतात, आणि कुणाच्या हरकतीचं काय झालं ते लेखी कळत नाही. नाशिकचा आत्ताचा आराखडा २०१७ ला मंजूर झाला, त्याच्या हरकतींना मी बाबांबरोबर गेले होते, बाबा तेव्हा होते, दिवसभर बसलो आणि आमचा नंबर आला तेव्हा साहेब जेवायला उठत होते. आम्ही तर प्रभागातलेच मतदार होतो.

भावाने तपोवनासाठी पाठवलेली हरकत मी नंतर मागून घेऊन वाचली. दीड पान आहे. पत्ता पुण्याचाच लिहिलाय, लपवलं काही नाही. झाडांची नावं लिहिलीत, वड किती, चिंचा कुठल्या बाजूला, कुठल्या झाडाखाली बाबा आम्हाला सायकल शिकवायचे ते पण लिहिलंय, ते लिहायची काही गरज नव्हती खरं तर. शेवटी एक ओळ आहे की माझी आई पंचवटीत राहते, गुडघे दुखतात तरी रोज सकाळी तिथपर्यंत चालत जाते, मला एवढंच म्हणायचंय.

काकांना पाठवली मी ती. त्यांनी निळ्या खुणा आल्यावर तासाभराने फोन केला, मला नाही, भावाला.