ऐकण्याआधीच पडलेले दोन तट

नोव्हेंबर 2015 मध्ये गायिका ॲडेलच्या '25' या अल्बमने ब्रिटनमधला सर्वात वेगाने विकल्या गेलेल्या अल्बमचा विक्रम मोडला. त्याआधी 18 वर्षं हा मान ओएसिस या ब्रिटिश रॉक बँडच्या 'बी हिअर नाऊ'कडे होता. गंमत अशी, की या विक्रमी अल्बमचा गीतकार-गिटारवादक नोएल गॅलाघर स्वतःच त्याच्यावर वर्षानुवर्षं नाक मुरडत आला. 2006 मध्ये बँडच्या निवडक गाण्यांचा 'स्टॉप द क्लॉक्स' हा संग्रह निघाला, तेव्हा 'बी हिअर नाऊ'मधलं एकही गाणं त्यात घेतलं गेलं नाही. धाकटा भाऊ लिअम, म्हणजे बँडचा गायक, मात्र या अल्बमची बाजू सोडायला तयार नाही. सख्ख्या भावांचं जिथे जमत नाही, तिथे चाहत्यांचं काय जमणार?

प्रचंड गाजावाजा करून आलेल्या रॉक अल्बमवरून चाहत्यांमध्ये दोन तट पडणं ही आता ठरलेलीच गोष्ट आहे. एक गट त्याला डोक्यावर घेतो, दुसरा फसवणूक झाल्यासारखा चिडतो. हे मतभेद आवडीनिवडीचे आहेत असं वरवर वाटतं. पण जुनी उदाहरणं तपासली तर बहुतेक वेळा हे तट गाणी कानावर पडायच्या आधीच तयार झालेले दिसतात. कोण किती वर्षं थांबला होता, नेमका कशासाठी थांबला होता, आणि मधल्या काळात त्याला काय काय सांगितलं गेलं होतं, यावर पुढचं बरंचसं भांडण ठरतं.

साठच्या दशकात असं थांबावंच लागत नसे. 1963 ते 1970 या सात वर्षांत बीटल्सचे डझनभर अल्बम आले. एक आवडला नाही तर पुढचा काही महिन्यांत हजर. चाहते तेव्हाही दुभंगत, पण कारण वेगळं असे. जुलै 1965 मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात साध्या गिटारवर गाणारा बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन मंचावर आला, तेव्हा त्याची हुर्यो उडवणारे होते तसे टाळ्या वाजवणारेही होते. पुढच्या वर्षी मे महिन्यात मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये प्रेक्षकांतून कोणीतरी त्याला 'जुडास' (येशूचा विश्वासघात करणारा शिष्य) म्हणून हाक मारली. तो राग वाट बदलल्याचा होता. कंपनीने जाहिरात करून काही कबूल केलं आणि माल भलताच निघाला, असा तो प्रकार नव्हता.

सत्तरच्या दशकात अल्बमचा धंदा मोठा झाला आणि दोन अल्बममधलं अंतर वाढत गेलं. फ्लीटवूड मॅक या बँडचा 'रूमर्स' 1977 मध्ये आला आणि तुफान खपला. त्याच्यामागून काय येतं याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. 1979 च्या ऑक्टोबरमध्ये 'टस्क' आला. 20 गाण्यांचा दुहेरी अल्बम, खर्च 10 लाख डॉलरच्या वर, आणि बँडचा गिटारवादक लिंडसी बकिंगहॅमने घरी केलेले चमत्कारिक प्रयोग. त्याच्या सुमारे 40 लाख प्रती विकल्या गेल्या, तरी तो 'पडला' असंच म्हटलं गेलं, कारण मोजमाप 'रूमर्स'च्या पट्टीने होत होतं. 40 लाख विक्री म्हणजे अपयश, हे गणित तिथून रूढ झालं. आज 'टस्क'ला मानणारा वर्ग मोठा आहे. पण त्या वेळी दुसरा 'रूमर्स' हवा असलेल्यांना तो मिळाला नाही, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं.

1991 च्या सप्टेंबरमध्ये गन्स एन रोझेस या अमेरिकी बँडने 'यूज युअर इल्यूजन'चे दोन भाग एकाच दिवशी आणले. अमेरिकेतली कितीतरी दुकानं त्यासाठी मध्यरात्री उघडली आणि चाहत्यांच्या रांगा लागल्या. अमेरिकेतल्या विक्रीच्या यादीत पहिला आणि दुसरा क्रमांक या दोन अल्बमनीच घेतला. इथून अल्बमचं प्रकाशन हाच एक सोहळा झाला. 'दोनाचा एकच केला असता तर उत्तम झाला असता', हे वाक्यही तेव्हापासून चाहत्यांच्या तोंडी आहे. आणि ते फारसं चुकीचं नाही.

ओएसिसच्या वेळी मात्र या सोहळ्याचा अतिरेक झाला. ऑगस्ट 1996 मध्ये इंग्लंडमधल्या नेबवर्थला त्यांनी दोन रात्रींत अडीच लाख लोकांसमोर गाणी सादर केली. तिकिटांसाठी अर्ज करणारे त्याच्या कितीतरी पट होते. मागचा अल्बम, 'मॉर्निंग ग्लोरी', 1995 मध्ये आला तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी त्याला थंड प्रतिसाद दिला होता आणि लोकांनी तो घराघरात नेऊन त्यांना तोंडावर पाडलं होतं. ही चूक पुन्हा होऊ द्यायची नाही, असं जणू सगळ्या संगीत मासिकांनी ठरवलं. व्यवस्थापनाने तर पत्रकारांकडून, आधी ऐकवलेल्या गाण्यांबद्दल कोणाशी बोलणार नाही असं लिहून घेतलं. रेडिओवर काही गाणी आधी वाजवायला दिली तीही या अटीवर, की निवेदकाने मध्येमध्ये बोलत राहावं, म्हणजे कोणी टेप करून विकणार नाही. अमेरिकेतून आलेल्या प्रती आधी बाजारात येऊ नयेत म्हणून ब्रिटनमधलं प्रकाशन नेहमीच्या सोमवारऐवजी गुरुवारी, 21 ऑगस्ट 1997 ला ठेवलं.

पहिल्याच दिवशी चार लाखांहून जास्त प्रती गेल्या. परीक्षणं स्तुतीने ओसंडत होती. मग लोकांनी घरी जाऊन तो ऐकला. 71 मिनिटांचा अल्बम, त्यातली बहुतेक गाणी पाच-सहा मिनिटांच्या पुढची, 'ऑल अराउंड द वर्ल्ड' तर नऊ मिनिटांहून जास्त. गिटारवर गिटारचे इतके थर चढवलेले, की खालची चाल शोधावी लागावी. हे असं का झालं, त्याची कारणं पुढे कर्त्यांनीच सांगितली. निर्माता ओवेन मॉरिस आणि नोएल दोघांनीही स्टुडिओतल्या कोकेनच्या सुळसुळाटाबद्दल उघड बोलून टाकलं. शिवाय त्या वेळी 'हे जरा लांबलंय' असं ओएसिसला सांगण्याची कोणाची छाती होती?

सीडीचाही यात हात होता, याची चर्चा कमी होते. एलपीच्या, म्हणजे जुन्या तबकडीच्या, दोन बाजूंना मिळून साधारण 45 मिनिटं मिळत, त्यामुळे कात्री आपोआप लागत असे. सीडीवर 74 मिनिटं मोकळी होती आणि नव्वदच्या दशकातल्या मोठ्या बँडना ती भरण्याचा मोह आवरला नाही.

स्तुती जितक्या जोरात झाली, तितक्याच जोरात ती उलटली. तीच मासिकं पुढे हा अल्बम ब्रिटपॉपच्या, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या ब्रिटिश गिटार-बँडच्या लाटेच्या, अस्ताची खूण म्हणून सांगू लागली. चाहत्यांमध्ये तेव्हापासून दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, गाणी चांगली होती, मिक्सिंगने (वाद्यांचे आवाज एकत्र जुळवण्याने) मारली. दुसरा म्हणतो, गाणीच नव्हती. 2016 च्या नव्या आवृत्तीत नोएलने 1996 मध्ये मस्टीक बेटावर ध्वनिमुद्रित केलेले कच्चे मसुदे आले, तेव्हा पहिल्या पक्षाला पुरावा मिळाल्यासारखं झालं. त्याच आवृत्तीसाठी नोएल सगळा अल्बम नव्याने मिक्स करायला बसला होता, पण एक गाणं झाल्यावर त्याने ते सोडून दिलं. माझं मत पहिल्या पक्षाकडे झुकतं, पण अर्धंच. वीस मिनिटं कापली असती तर हा एक बरा अल्बम झाला असता, एवढंच म्हणता येईल. तरीही तो कोणत्याच परिस्थितीत त्या उन्हाळ्यातल्या अपेक्षांना पुरा पडला नसता.

2000 नंतर वाट पाहण्याचा प्रकारच बदलला. आता गाणी प्रकाशनाआधीच इंटरनेटवर फुटू लागली. मेटॅलिका या हेवी मेटल बँडच्या एका अपूर्ण गाण्याची प्रत अशीच फुटली आणि एप्रिल 2000 मध्ये बँडने नॅपस्टर या गाणी वाटून घेण्याच्या इंटरनेट सेवेवर खटला भरला. पाठोपाठ, गाणी देवाणघेवाण करणाऱ्या तीन लाखांहून अधिक खातेदारांची यादीच त्यांनी कंपनीच्या हवाली केली. त्या यादीत त्यांचेच चाहते होते. तीन वर्षांनी बँडचा 'सेंट अँगर' हा अल्बम आला तेव्हा त्यातला पत्र्याच्या डब्यासारखा वाजणारा स्नेअर ड्रम आणि गिटार सोलोंचा पूर्ण अभाव यांवर लोक तुटून पडले. टीका रास्त होती, पण तिच्यातला दंश जुना होता, हेही खरं.

आणि मग गन्स एन रोझेसचा 'चायनीज डेमॉक्रसी'. या विषयावर बोलताना हा अल्बम टाळून पुढे जाताच येत नाही.

'यूज युअर इल्यूजन'नंतर गन्स एन रोझेसने 1993 मध्ये दुसऱ्यांच्या गाण्यांचा एक अल्बम काढला, आणि मग स्वतःची नवी गाणी काही येईनात. 1996 मध्ये गिटारवादक स्लॅश गेला, 1997 मध्ये बासवादक डफ मॅककेगन. बँडचं नाव गायक ॲक्सल रोझकडे राहिलं. त्याने नवे वादक आणले. त्यांतला बकेटहेड हा गिटारवादक चेहऱ्यावर पांढरा मुखवटा आणि डोक्यावर तळलेल्या चिकनची बादली घालून वाजवायचा. त्याच्यासाठी स्टुडिओत कोंबड्यांचं खुराडं उभारल्याच्या बातम्या आल्या. निर्माते बदलले, स्टुडिओ बदलले, वर्षं उलटली. 2004 मध्ये गेफन या रेकॉर्ड कंपनीने पैसे देणं थांबवलं आणि ॲक्सलचा विरोध असताना जुन्या गाण्यांचा संग्रह बाजारात आणला. तो धडाक्यात खपला. 2005 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या न आलेल्या अल्बमवर 1 कोटी 30 लाख डॉलर खर्च झाल्याचं छापलं. मार्च 2008 मध्ये डॉ. पेपर या शीतपेयाच्या कंपनीने थट्टेत जाहीर केलं, की अल्बम याच वर्षी आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक कॅन फुकट. अपवाद फक्त स्लॅश आणि बकेटहेड यांचा. 23 नोव्हेंबरला अल्बम खरोखरच आला, कुपनं मागणाऱ्यांच्या गर्दीने कंपनीची वेबसाइट कोलमडली आणि ॲक्सलच्या वकिलाने कंपनीला माफी मागायला सांगितलं.

या विनोदांखाली एक महत्त्वाची गोष्ट दबून गेली. कट्टर चाहत्यांसाठी हा अल्बम नवा नव्हताच. शीर्षकगीत, 'मॅडागास्कर' आणि 'द ब्लूज' (पुढे 'स्ट्रीट ऑफ ड्रीम्स') ही गाणी 2001 मध्ये ब्राझीलमधल्या रॉक इन रिओ महोत्सवाच्या मंचावर वाजली होती. मैफलींची चोरटी रेकॉर्डिंगं हातोहात फिरत होती. 2006 मध्ये काही गाणी फुटली, 2008 च्या जूनमध्ये आणखी नऊ. अशा लोकांनी सात वर्षं ही गाणी कच्च्या रूपात मनात घोळवली होती. त्यांची तक्रार असायची, की अमुक गाण्याची 2002 ची आवृत्ती जास्त जिवंत होती. दुसरीकडे ज्यांना 1987 चा जुना बँड परत हवा होता, त्यांच्यासाठी स्लॅशशिवायचा कोणताही अल्बम हा ॲक्सलचा एकट्याचा अल्बम होता. त्यात काय वाजतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. तिसरा एक छोटा गट होता, ज्याने तो जुन्या बँडचं नाव विसरून ऐकला आणि त्याला तो आवडला. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात 2 लाख 61 हजार प्रती गेल्या आणि तो तिसऱ्या क्रमांकावर उतरला. दुसऱ्या कोणाला हे यश वाटलं असतं.

त्याच वर्षीची आणखी एक घटना इथे जोडली पाहिजे. सप्टेंबर 2008 मध्ये मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' आला. गाण्यांवर चाहते खूश होते, पण आवाजातले चढउतार दाबून तो इतका मोठा केला होता, की तो फाटत होता. हीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये जास्त स्वच्छ ऐकू येतात हे लोकांच्या लक्षात आलं आणि अल्बम नव्याने मिक्स करा अशा मागणीच्या अर्जावर दहा हजारांहून जास्त सह्या झाल्या. 'चायनीज डेमॉक्रसी'चं मास्टरिंग (आवाजावरचा शेवटचा हात) करणाऱ्या बॉब लुडविगने तीन पर्याय तयार केले होते. ॲक्सल आणि त्याच्या सहनिर्मात्याने त्यांतला सर्वात कमी दाबलेला निवडला, आणि अशा फाटक्या आवाजावर चाहत्यांनी केलेल्या आरडाओरड्यामुळेच हे शक्य झालं, असं लुडविगने लिहून ठेवलं आहे. चाहत्यांच्या चिडचिडीचा ठोस उपयोग झाल्याचं असं उदाहरण क्वचितच सापडतं, आणि त्याचा फायदा मिळाला तो दुसऱ्याच बँडला.

वाट पाहायला न लावताही भांडण होतं, हे यू-टू या बँडने 2014 मध्ये दाखवून दिलं. 9 सप्टेंबरला ॲपलच्या कार्यक्रमात 'साँग्ज ऑफ इनोसन्स' जाहीर झाला आणि लगेच आयट्यून्सच्या 50 कोटी खात्यांत जाऊन बसला. न मागता आलेल्या अल्बमवर लोक इतके भडकले, की ॲपलला तो काढून टाकण्यासाठी वेगळी सोय करावी लागली आणि बँडचा गायक बोनोने माफी मागितली. अल्बमबद्दल कोणाचं काय मत होतं हे त्या गदारोळात कोणी विचारलंच नाही.

गन्स एन रोझेसचं पुढे वेगळंच झालं. एप्रिल 2016 मध्ये स्लॅश आणि डफ परतले आणि ज्या गाण्यांपासून ते दूर होते तीच मंचावर वाजवू लागले. 2021 मध्ये 'अब्सर्ड' आणि 'हार्ड स्कूल', 2023 मध्ये 'परहॅप्स' आणि 'द जनरल' अशी गाणी प्रसिद्ध झाली. चारही त्या लांबलेल्या काळातल्या साठ्यातली, त्यांवर स्लॅश आणि डफ यांचं वादन नव्याने चढवलेलं. 'अब्सर्ड' म्हणजे 2001 मध्ये मंचावर वाजलेलं 'सिल्कवर्म्स'. रिओच्या मैफलीचं रेकॉर्डिंग ज्यांनी जपून ठेवलं होतं, त्यांना ते वीस वर्षं पाठ होतं. बाकीच्यांसाठी तो बँडचा नवा सिंगल होता.