रायफलची दुर्बीण : युरोपची की अमेरिकेची?

रायफलवर बसवायची दुर्बीण निवडताना ‘जर्मन झाइस की अमेरिकी लूपोल्ड’ असा वाद रंगतो, तेव्हा तुलना बहुधा किंमत आणि भिंगाचा स्वच्छपणा यांपुरतीच होते. या दुर्बिणी मुळात एकमेकींपासून वेगळ्या का घडल्या, हे पाहायचे तर त्या ज्या मुलखातल्या शिकारीसाठी तयार झाल्या, तिथल्या उजेडाकडे आणि पावसाकडे वळावे लागते.

युरोपातील मोठी नावे मध्य युरोपातली आहेत. काहलेस १८९८ मध्ये व्हिएन्नात सुरू झालेली, झाइस मूळची जर्मनीतील येना शहराची, स्वारोव्हस्की ऑप्टिक १९४९ मध्ये ऑस्ट्रियातील आब्साम येथे सुरू झालेली, आणि श्मिट अँड बेंडर १९५७ पासूनची. या प्रदेशातील शिकारी रानाच्या कडेला मचाणावर बसून तिन्हीसांजेची वाट पाहतो आणि रानडुकरासाठी तर चांदण्यातही बसून राहतो. त्यामुळे तिथे ८×५६ ही दुर्बीण रूढ झाली. वस्तुभिंगाचा, म्हणजे पुढच्या भिंगाचा, ५६ मिलिमीटर व्यास आठ या विशालनाने भागला, की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी ७ मिलिमीटर भरते, आणि अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली साधारण तेवढीच उघडते. वयाबरोबर बाहुली कमी उघडू लागते. म्हणजे पन्नाशी उलटलेला गिऱ्हाईक मोठ्या भिंगाचे पैसे पुष्कळदा स्वतःला न दिसणाऱ्या उजेडासाठी मोजत असतो.

झाइसचा दबदबा ज्या एका शोधावर उभा आहे, तो १९३५ सालचा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो, म्हणून असे दहा पृष्ठभाग असलेल्या दुर्बिणीत एकतृतीयांश उजेड वाटेतच संपतो. झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन कमी केले. आज असे लेप सगळेच चढवतात. पृष्ठभागामागे अर्धा टक्का गळती धरली तरी दहा पृष्ठभागांतून ९५ टक्के उजेड पार होतो. तेव्हा जाहिरातीतील शेवटच्या एकदोन टक्क्यांवरून ब्रँड ठरवणे मला तरी फारसे पटत नाही.

अमेरिकेत प्रश्न वेगळा होता. तिथे अनेक राज्यांत मोठ्या जनावरांची शिकार सूर्योदयापूर्वीच्या अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासापर्यंतच करता येते, आणि शिकारी दिवसभर डोंगर चढतो; त्याला दुर्बीण हलकी आणि परवडणारी हवी होती. बिल वीव्हर यांनी १९३० मध्ये आणलेल्या स्वस्त दुर्बिणीने ही चैनीची वस्तू सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यात आली. लूपोल्ड ही १९०७ मध्ये ऑरेगनमधील पोर्टलंड येथे जमीनमोजणीच्या उपकरणांसाठी सुरू झालेली कंपनी. तिच्या मार्कस लूपोल्ड यांचा हरणावरचा नेम ऐन वेळी आतून धुके धरलेल्या दुर्बिणीमुळे हुकला, अशी कथा कंपनीत सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, ऑरेगनच्या पावसात ती सहज घडण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर या कंपनीने नळीतील दमट हवा काढून तिथे कोरडा नायट्रोजन भरण्याची पद्धत रुळवली, आणि लूपोल्डच्या नावाला आजही चिकटलेला टिकाऊपणाचा लौकिक तिथून सुरू होतो.

जुना भेद नेमाच्या फुलीतही दिसतो. युरोपीय प्रथेत फुली पुढच्या नाभीप्रतलात, म्हणजे विशालन बदलणाऱ्या भिंगांच्या पुढे असते, म्हणून विशालन वाढवले की तीही जाड होते आणि अंधुक उजेडात उठून दिसते. अमेरिकी प्रथेत ती मागच्या प्रतलात, त्या भिंगांच्या मागे असते, सदैव सारखीच बारीक दिसते आणि दूरचे लहान लक्ष्य झाकत नाही. मात्र तिच्यावरील अंतरखुणांची मापे एका ठरावीक विशालनालाच खरी ठरतात. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत ही अडचण जाणवू लागली, तेव्हा अमेरिकी कंपन्याही पुढच्या प्रतलाकडे वळल्या. नेम सरकवणाऱ्या खुंटीच्या मापातही असेच दोन पंथ आहेत, मिनिट (अंशाचा साठावा भाग) आणि मिल (अंतराच्या हजाराव्या भागाएवढा कोन) : पाव मिनिटाची एक ‘क्लिक’ १०० यार्डांवर सुमारे पाव इंच सरकवते, तर मिलच्या दशांशाची क्लिक १०० मीटरवर बरोबर १ सेंटिमीटर. फुली मिलची आणि खुंटी मिनिटांची असलेल्या दुर्बिणीही बाजारात बरीच वर्षे विकल्या गेल्या, आणि त्या घेणाऱ्याला प्रत्येक दुरुस्तीआधी मिलची मिनिटे करायला मनातल्या मनात ३.४ ने गुणावे लागे.