कादंबरी प्रकाशकाकडे द्यावी की स्वतः काढावी?

आमच्याकडे येणारे लेखक आधी छपाईचा खर्च विचारतात. आम्ही त्यांना विचारतो, पुस्तक विकणार कोण? याचं उत्तर मिळालं की बाकीचं ठरवणं सोपं जातं.

प्रकाशकाकडे देताना

प्रकाशकाचे वितरक, पुण्यात अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, ग्रंथालयांचे पुरवठादार ही साखळी आधीच जुळलेली असते. तुमचा खर्च शून्य, संपादन त्यांचं. मानधन मात्र छापील किमतीच्या १० टक्क्यांच्या आसपास, आणि होकार-नकार कळायला बरेच महिने लागतात. तरीही पहिलीच कादंबरी असेल, तर आधी प्रकाशकांकडे पाठवून पाहा, असंच आम्ही सांगतो. नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे, तिचीही चौकशी करा.

करार वाचल्याशिवाय सही करू नका. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. ‘कायमस्वरूपी’ असं लिहिलं असेल, तर तिथेच थांबून बोला. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. प्रकाशक तुमच्याकडूनच पैसे मागत असेल, तर जोखीम तुमची आहे. मग उरलेल्या प्रती कोणाच्या, हेही करारात यायला हवं.

स्वतः काढताना

उदाहरणादाखल किंमत ३०० रुपये धरा. वितरकाला ४५ टक्के सूट दिली की हातात १६५ येतात. त्यातून छपाई, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ. ओळखीच्या वाचकांना थेट विकलेल्या प्रतीवरच खरी कमाई होते. तुमचा वाचकवर्ग तयार असेल, व्याख्यानं किंवा दिवाळी अंकांतल्या लेखनामुळे लोक तुम्हाला ओळखत असतील, तर हा मार्ग जरूर घ्या.

हजार प्रतींना दर प्रतीमागचा खर्च कमी दिसतो, पण न खपलेले गठ्ठे घरात राहतात. आधी डिजिटल छपाईवर १०० प्रती काढा, मागणी आली तर ऑफसेटकडे, म्हणजे जास्त प्रतींच्या छपाईकडे वळू. १६ पानांचा एक फॉर्म असतो, म्हणून २०० पानांचा मजकूर आम्ही २०८ पानांत, १३ फॉर्ममध्ये बसवतो.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून लेखकाला स्वतःच्या नावावर विनामूल्य मिळतो. त्याचे वेगळे पैसे आम्ही लावत नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवाव्या लागतात. प्रकाशक तुम्ही, म्हणून ही जबाबदारीही तुमचीच.

येताना

मजकूर युनिकोडमध्ये आणा. जुन्या फॉन्टमधून बदलताना ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ असे शब्द तुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो, आणि मग प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं. तो वेळ आणि खर्च दोन्ही वाचवता येतात. अंदाजपत्रक आम्ही लेखी देतो. प्रूफ तुम्ही पानोपान पाहून सही केल्याशिवाय छपाईला जात नाही.