मुलांच्या वाट्याचा उपवासकाळ

ईस्टर या येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्याच्या आधी आमच्या घरी एक काम ठरलेलं असतं. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, येशूच्या तसबिरीमागे खोवलेली झावळी काढून चर्चमध्ये नेऊन द्यायची. वर्षभरात ती पिवळी पडून इतकी वाळलेली असते, की हातात घेताच तिचा चुरा गळतो. अशा झावळ्या जाळूनच राख तयार करतात आणि ती कपाळाला लावताना फादर म्हणतात, 'तू माती आहेस व मातीत परत जाशील.' झावळी नेण्याचं काम मुलांकडे असतं, आणि चर्चच्या वाटेवरच त्यांचे प्रश्न सुरू होतात.

पहिला प्रश्न हमखास रविवारचा: उपवासकाळासाठी सोडलेलं चॉकलेट त्या दिवशी खाल्लं तर चालेल का? राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर दिवस 46 भरतात. पण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून मधले 6 रविवार उपवासात धरत नाहीत. उरले 40, येशूने अरण्यात काढले तेवढे. मुलांनी पकडलेली फट मुळात हिशोबातच आहे.

हे 40 दिवस पहिल्यापासून नव्हते. दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस लिहितो, की ईस्टरआधी कुणी एक दिवस उपवास करतं, कुणी दोन, तर कुणी चाळीस तास. चाळीस दिवसांच्या काळाचा स्पष्ट उल्लेख येतो तो 325 साली निकिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेच्या नियमांत. तेव्हा या काळाचा गाभा होता बाप्तिस्म्याची तयारी. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमला गेलेल्या एजेरिया नावाच्या यात्रेकरू बाईने तिथलं वर्णन लिहून ठेवलं आहे: ईस्टरला बाप्तिस्मा घेणाऱ्यांना बिशप स्वतः रोज शास्त्र समजावून सांगत. म्हणजे उपवासकाळ आधी शिकवण्याचा काळ होता. पुढे तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा रूढ झाला, ही शिकवणी मागे पडली आणि प्रायश्चित्ताचा रंग गडद झाला.

मध्ययुगात नियम कडक होते. दिवसातून एकच जेवण. मांस, अंडी, दूध वर्ज्य. ईस्टरला अंड्यांचं एवढं कौतुक का, याचं एक उत्तर इथे सापडतं. एवढ्या कडक काळातही मुलांना मात्र सूट होती. तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांनी कारण दिलं, की वाढत्या अंगाला अन्न जास्त लागतं, म्हणून सात-सात वर्षांचे तीन टप्पे पुरे होईपर्यंत उपवासाची सक्ती नको. 1917 च्या कॅथलिक धर्मसंहितेतही उपवासाचं वय 21 च होतं. मांसवर्ज्याचा नियम मात्र सातव्या वर्षापासून लागू होता. 1966 मध्ये पोप सहावे पॉल यांनी मांसवर्ज्याचं वय 14 केलं, आणि 1983 च्या संहितेने उपवासाचं वय 18 वर आणलं. त्याच कलमात पुढे एक वाक्य आहे, ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं: ज्यांना वयामुळे नियम लागू नाही, त्यांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकवण्याची काळजी धर्मगुरूंनी आणि आईवडिलांनी घ्यावी. एजेरियाने जे बिशपांना करताना पाहिलं, ते काम असं फिरून घरात आलं.

महाराष्ट्रातल्या सगळ्याच ख्रिस्ती घरांची वाट ही नाही; प्रोटेस्टंट घरांची गोष्ट वेगळी. 1522 मध्ये झुरिकमधल्या एका छापखानेवाल्याच्या घरी उपवासकाळात सॉसेज खाल्ले गेले, आणि तिथले प्रोटेस्टंट धर्मसुधारक झ्विंग्ली यांनी प्रवचनातून त्याचं समर्थन केलं. बायबलने घातलेली नाही ती सक्ती माणसाने घालू नये, हा त्यांचा मुद्दा. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचे प्युरिटन हे कडवे प्रोटेस्टंटही त्याच विचाराचे. 1813 मध्ये मुंबईत आलेलं आणि पुढे अहमदनगरात रुजलेलं अमेरिकन मराठी मिशन याच परंपरेतलं. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, मिशनची मंडळी मात्र हे दिवस पाळत आली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि हे वेगवेगळे प्रवाह एका छताखाली आले. त्यामुळे एखाद्या घरात आजीला हे दिवस माहेरी माहीत नसणं आणि नातवंडांनी ते मनापासून पाळणं, यात मला काहीच विसंगती दिसत नाही.

मांसवर्ज्याच्या नियमात मासे येत नाहीत; त्यामुळे आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या घरात उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण सोडून मासे खाल्ले, तर मुलांना त्यातला त्याग समजत नाही. म्हणून आम्ही उपवास, प्रार्थना आणि दानधर्म या उपवासकाळाच्या तीन अंगांतल्या शेवटच्याला धरलं. टीव्हीशेजारी एक बरणी ठेवली आहे. मटणाचे वाचलेले पैसे आम्ही त्यात टाकतो, चॉकलेटचे मुलं टाकतात. ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात ती रिकामी करून पैसे मोजायचे आणि चर्चच्या दानपेटीत नेऊन टाकायचे, हे कामही झावळी नेणाऱ्यांकडेच.